गुलाबी सॅमनचं वर्ष

स्पायकेनिस, ९ जून २०२५

प्रिय काका,

माझं पत्र बघून लतिका काकूला वाटेल, पोरीचं काहीतरी बिनसलं. तसं काही नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही नुसती मान डोलवता, आणि काकू माझं बोलणं तुमच्या कानात ओरडून सांगेपर्यंत मी काय म्हणत होते तेच विसरते. म्हणून सरळ कागद घेतला.

बातमी अशी की मी मासे धरायला शिकतेय! बत्तीस वर्षं मत्स्यबीज केंद्रात काढलेल्या माणसाची पुतणी, आणि तुम्ही मला कधी गळाला हात लावू दिला नाहीत. इथे येऊन हौस फिटतेय.

आमच्या खालच्या मजल्यावर, पाचव्यावर, आन्स नावाच्या बाई राहतात. एकाहत्तर वर्षांच्या, एकट्याच. बंदराच्या कचेरीत नोकरी केलेल्या. मार्चमध्ये लिफ्टसमोर त्यांच्या हातातली डबी पडली आणि त्यातून पिसं, चकचकीत दोरे आणि हे एवढे एवढे आकडे सांडले. मी सगळं वेचून दिलं. त्या माझ्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "तुझी बोटं बारीक आहेत. गाठी मारायला येतेस का?" काका, दोन वर्षांत इथे कोणी मला 'येतेस का' असं विचारलेलं नव्हतं.

तर त्या आकड्याला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची. गुलाबी दोऱ्याची, कारण आम्हाला हवाय गुलाबी सॅमन. हा इथला मासा नव्हे. रशियाच्या बाजूला कोणीतरी सोडला, तिथून तो समुद्रातून भरकटत येतो आणि एक वर्षाआड दिसतो. यंदा त्याचं वर्ष आहे. आमच्या गावाजवळून औडे मास नावाची मोठी नदी जाते, तिला भरती-ओहोटी असते. त्या पाण्यात आन्सना दोन वर्षांपूर्वी एक मिळाला होता.

उत्तर आन्सच्या नावाने पाठवा, पत्ता मागे लिहिलाय. आमच्या पत्रपेटीचं कुलूप बिघडलंय.

तुमची
वृंदा


गारगोटी, २८ जून २०२५

चि. वृंदा,

तुझं पत्र पोस्टमनने दारात दिलं आणि मी ते चहा गार होईपर्यंत वाचलं. मग काकूने वाचलं. मग मी पुन्हा.

माशी लावून मासा धरायचा! आम्ही जन्मभर गांडूळ आणि कणीक लावत आलो. पण एक शंका आहे. माझ्याकडे जुनी पुस्तकं आहेत, त्यांत वाचलं. सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणं बंद करतो. पोटात काही घेत नाही, फक्त वर जात राहतो. मग तो तुमची माशी कशाला तोंडात घेईल? आन्सबाईंना विचार आणि मला कळव. हा प्रश्न मला झोपू देत नाही.

दुसरं, काळजीचं. भरतीच्या नदीचा काठ म्हणजे गाळ. आमच्या केंद्रात तळं उपसलं की दरवर्षी एखादा गडी गुडघ्यापर्यंत रुतायचा आणि पाय उपटायला जाऊन आणखी खोल जायचा. पाय सरळ वर ओढायचा नाही. मागे बसायचं, जवळजवळ आडवं व्हायचं, आणि एकच पाय हलवत हलवत सोडवायचा. तो सुटल्याशिवाय दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. लक्षात ठेव.

पत्रपेटीचं कुलूप ते काय, घरात पुष्कररावांसारखे जावई असताना अशी कामं का राहतात? त्यांनाही नदीवर घेऊन जा. संगणकापुढे बसून माणूस आंबतो. तुमचं छान चाललंय हे वाचून काकू देवाला साखर ठेवून आली.

तुझा
नीळकंठ काका


स्पायकेनिस, २० जुलै २०२५

प्रिय काका,

तुमचा प्रश्न आन्सना विचारला. त्या म्हणाल्या, "तुझ्या काकांना सांग, हे कोणालाच नीट माहीत नाही. मला वाटतं तो चिडून धरतो. सारखं काहीतरी तोंडासमोरून जातंय म्हणून." तेवढंच उत्तर आहे.

आणि आता ऐका. मागच्या मंगळवारी आन्सना मासा लागला. सॅमनच! गळाची काठी कमानीसारखी वाकली, दोरी पाणी कापत गेली. पंधरा-वीस मिनिटांनी तो जाळीत आला. पाठीवर उंटासारखं कुबड, जबडा वाकडा, शेपटीवर काळे लांबट ठिपके. सुंदर म्हणवत नाही, पण मला त्याच्यावरून नजर काढता येईना. आन्सनी तो मोजला, फोटो काढले, नोंदी ठेवणाऱ्या लोकांना कळवलं. इथला मूळचा सॅमन असता तर लगेच सोडून द्यावा लागला असता. हा परका, म्हणून आधी त्याची चौकशी.

मला अजून काही लागलेलं नाही. पण दोरी फेकायला जमतंय. माशीला वजन नसतं, वजन दोरीला असतं. मागे फेकून थांबायचं, दोरी हवेत सरळ होऊ द्यायची, मगच पुढे. मी थांबतच नसे. आन्स म्हणतात, "वृंदा, कोणी तुझ्या मागे लागलेलं नाही."

आम्ही मंगळवारी आणि गुरुवारी जातो, पुष्कर ऑफिसला असतो तेव्हा. तीनच्या आत मी घरी परतते. मोबाइल घरीच ठेवते, पाण्यात पडायला नको. नदीतून मोठी जहाजं जातात. जहाज गेलं की आधी काठाचं पाणी आत ओढलं जातं, तळाचे दगड उघडे पडतात, आणि मग सगळं पाणी एकदम परत येतं. तेव्हा काठावर चढून उभं राहायचं.

पुष्करला हे अजून सांगितलेलं नाही. त्याला पाण्याचं, मासळीच्या वासाचं वावडं आहे. सवडीने सांगेन. तुम्हीही तोवर बोलू नका. डच शिकायचा वर्ग मी सोडला, वेळ जुळेना. शाळेतल्या प्रयोगशाळेच्या नोकरीचंही पुढच्या वर्षी बघू असं ठरलंय. बाकी ठीक.

वृंदा


गारगोटी, ७ ऑगस्ट २०२५

चि. वृंदा,

तुझं पत्र काल मिळालं. आणि माझ्या हातून एक गोष्ट त्याआधीच होऊन गेली.

सोमवारी काकूचा वाढदिवस. पुष्कररावांनी आठवणीने ऑफिसातून फोन केला. काकूने फोन माझ्याकडे दिला, आवाज मोठा करून. मी उत्साहात म्हणालो, "आमची वृंदा आता आमच्या खात्यात आली, सॅमन धरते म्हणे नदीवर!" ते म्हणाले, "हो का? मला बोलली नाही." आणि हसले. मग काकूला विचारलं, कुठली नदी, कोणाबरोबर जाते, कुठल्या दिवशी. काकूने माहीत होतं ते सांगितलं. किती काळजी करतात, असं ती मला नंतर म्हणाली.

तू सवडीने सांगणार होतीस, मी घाईने सांगितलं. रागावू नकोस. नवरा-बायकोत अशा गोष्टी लपवू नयेत, हेही तुला सांगतो. तो मुलगा घरापासून लांब एकटा राबतो. थोडं मन मोठं ठेव, त्याच्या कलाने घे.

आणि मोबाइल घरी ठेवून नदीवर जात जाऊ नकोस. हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही.

आन्सबाईंच्या उत्तरावर विचार करतोय. चिडून धरतो, हे मला पटतं.

नीळकंठ काका


४ सप्टेंबर २०२५

काका,

वर गावाचं नाव लिहिलेलं नाही, कारण ते कोणाला सांगायचं नाही असा इथला नियम आहे. मी बायकांच्या एका निवाऱ्यात आहे. सुखरूप आहे. हे पत्र काकूलाही वाचायला द्या. सगळं सांगते.

पत्रपेटीचं कुलूप कधीच बिघडलं नव्हतं. किल्ली पुष्करकडे असते. त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही, म्हणून जे चाललंय त्याला काय म्हणायचं हेच मला कळत नव्हतं. माझ्या फोनवर मी कुठे आहे ते त्याला दिसतं. डचचा वर्ग वेळेमुळे सुटला नाही. वर्गात पुरुष होते म्हणून तो दर वेळी बाहेर येऊन उभा राहायचा, मग मीच जाणं थांबवलं. नोकरीचा अर्ज त्याने माझ्यासमोर, माझ्याच लॅपटॉपवरून काढून टाकला. आणि सारखं एकच ऐकवायचा, "तू इथे माझ्या व्हिसावर आहेस. मी एक सही केली की परत." मोबाइल मी घरी ठेवायचे तो पाण्याच्या भीतीने नाही. फोन घरात असला की मी घरात असते.

तुमचा फोन झाला त्या दिवशी तो घरी येऊन काहीच बोलला नाही. रोज जेवताना विचारायचा, "आज काय केलंस?" मी म्हणायचे, "काही नाही." तो हसायचा. तीन दिवसांनी सायकलची किल्ली त्याच्या खिशात गेली. मग ऑफिसातून अकराला आणि दोनला फोन यायला लागले. मी दोन आठवडे घराबाहेर पडले नाही. तुमचं पत्र मी निवाऱ्यात आल्यावर आन्सनी माझ्या हातात दिलं, तेव्हा मला कळलं की त्याला कसं समजलं.

एकवीस तारखेला, गुरुवारी, अकराचा फोन झाल्यावर मी निघाले. का, ते सांगता येत नाही. फोन उशीखाली ठेवला. आन्स डॉक्टरकडे गेल्या होत्या, काठी आणि छातीपर्यंतची रबरी विजार त्यांनी तळघरातल्या खोलीत ठेवलेली असते, ती घेतली. तीन किलोमीटर चालत गेले. ओहोटी संपत आली होती.

तिसऱ्या-चौथ्या फेकीला मासा लागला, काका. माझा पहिला. तो खाली प्रवाहाबरोबर पळाला, आणि मी दगडी बांधावरून उतरून त्याच्यामागे गेले. दहा पावलं. मग डावा पाय गेला, आणि सावरायला टेकवलेला उजवाही. मांड्यांपर्यंत. मासा एकदा वर उडाला, गुलाबी माशी तोंडात दिसली, आणि दोरी सैल पडली. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, कारण पाणी यायला लागलं होतं.

मी ओरडले. पलीकडे नुसतं बोरूचं रान आणि बगळे. मग एक जहाज आलं, लाल, पेट्यांनी भरलेलं. पाणी आत ओढलं गेलं, मी उघड्या चिखलात उभी, आणि मला ठाऊक होतं आता काय होणार. लाट छातीवर आली. नाकातोंडात पाणी गेलं. त्या क्षणी मला एकच भीती वाटली, दोनच्या आत घरी पोचले नाही तर. बुडेन ही भीती नंतर आली. काका, तिथेच मला कळलं की माझं काय झालंय.

मग तुमचे गडी आठवले. मी मागे बसले, पाण्यात आडवी झाले, खांद्यांचे पट्टे सोडले आणि डावा पाय विजारीतून थोडा थोडा सोडवत राहिले. तो सुटल्यावरच उजवा. विजार, काठी, सगळं तिथेच राहिलं. पोटावर सरकत बांधापर्यंत आले. अनवाणी घरी पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते.

पुष्कर दारात उभा होता, हातात माझा फोन. मी डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली. तो म्हणाला, "दोनदा वाजला. उशीखाली." मला काय झालं ते त्याने विचारलं नाही. मी आत गेल्यावर त्याने दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी बाहेरून कुलूप लावून ऑफिसला गेला, फोन आणि लॅपटॉप घेऊन.

मी दुपारपर्यंत बसून होते. मग शिवणाच्या डब्यात माशी बांधायच्या नायलॉनची गुंडाळी सापडली. चिठ्ठी लिहिली, चमच्याला बांधली, आणि गॅलरीतून खाली आन्सच्या गॅलरीत सोडली. वाऱ्याने चमचा त्यांच्या काचेवर आपटत राहिला. त्या बाहेर आल्या, चिठ्ठी वाचली, वर बघून म्हणाल्या, "दारापासून लांब उभी राहा." अर्ध्या तासात पोलीस आले.

तुमच्या फोनबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं.

वृंदा


गारगोटी, २२ सप्टेंबर २०२५

चि. वृंदा,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. काकूने वाचलं आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. कारण मी तिला जे सांगितलं, तेच आता तुला सांगतो.

तू लिहिलंस, तुम्हाला माहीत नव्हतं. वृंदा, मला माहीत होतं. सगळं नाही, पण पुरेसं.

तुझ्या लग्नाच्या आधी पुण्याहून एक गृहस्थ आले होते. तू तेव्हा कॉलेजात होतीस, काकू बाजारात. मनोहर त्यांचं नाव. एसटीने आले, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. त्यांच्या मुलीचा, जुईचा, पुष्करशी साखरपुडा झाला होता आणि मोडला होता. म्हणाले, "मुलगा मारत नाही, शिव्या देत नाही. पण सहा महिन्यांत माझ्या मुलीने नोकरी सोडली, मैत्रिणी सोडल्या. दर तासाला कुठे आहेस ते कळवायची. तुमच्या मुलीला हे सांगा आणि मग तिचं तिला ठरवू द्या." मी म्हटलं, "बघतो."

मला वाटलं, मोडलेल्या साखरपुड्याचं खापर हा माणूस मुलावर फोडतोय. पत्रिका छापून झाल्या होत्या. आई-बाप नसलेल्या मुलीला चांगलं स्थळ मिळालंय, त्यात खडा नको, असंही वाटलं. मी तुला बोललो नाही, काकूलाही नाही. आणि मग गेल्या महिन्यात तुलाच लिहिलं, त्याच्या कलाने घे.

तू परत ये. तुझी खोली आहे तशी आहे. मला माफ कर, असं म्हणायचं धाडस होत नाही, पण म्हणतो.

नीळकंठ काका


१४ ऑक्टोबर २०२५

काका,

मी तुमचं पत्र वाचून आन्सना परत दिलं आणि म्हटलं, हे तुमच्याकडेच ठेवा, माझ्याजवळ नको. आठवडाभराने परत मागून घेतलं.

परत येता येत नाही. पुष्करने मी वेगळी राहते असं कळवून टाकलंय, त्यामुळे त्याच्या नावावरचा माझा इथे राहण्याचा परवाना जाणार. माझ्यासारख्या बायकांना स्वतंत्र परवाना मागता येतो, हे मला इथे आल्यावर कळलं. अर्ज केलाय. निकाल लागायला महिने जातात, आणि मधे मी देश सोडला तर सगळं मुसळ केरात. इथे माझी खोली तीन पावलं रुंद आहे. खिडकी अर्धीच उघडते. बाहेर जाताना वहीत नाव लिहायचं, आत येताना पुन्हा. रोज सकाळी मला वाटतं, एका कुलपातून निघून दुसऱ्यात आले. पण ह्या वहीत वेळ मीच लिहिते. आणि जिथे जायचं तिथे जाते.

माफीचं विचारलंत. ती आज माझ्याकडे नाही. खोटं लिहिणार नाही.

मला तुमच्याकडून कागद हवाय. पुष्कर म्हणतो, दाराचं कुलूप चुकून लागलं, मी वेंधळी आहे, नदीवर जीव द्यायला गेले होते. वकीलबाई म्हणतात, हा माणूस आधीही असाच वागला हे कोणी लिहून दिलं तर जोडू. उपयोग होईलच असं नाही. ते गृहस्थ आले, काय बोलले, तुम्ही काय केलंत, सगळं तारखेसह. तुम्ही खात्यात अहवाल लिहायचात तसं. स्वतःला वाचवून लिहू नका.

वृंदा


गारगोटी, ५ नोव्हेंबर २०२५

चि. वृंदा,

सोबत माझा कागद आहे, नोटरीचा शिक्का मारून. त्याच्याबरोबर दुसरा कागद आहे, तो जुईचा.

मी पुण्याला गेलो होतो. मनोहररावांनी मला ओळखलं, पण आत या म्हणाले नाहीत. मी दारातच तुझं सगळं सांगितलं. त्यांनी हाक मारली तशी जुई बाहेर आली. आता एका दवाखान्यात नोकरी करते. तिने विचारलं, "ती बाहेर पडली?" मी हो म्हटलं. ती आत गेली आणि दीड तासाने सहा पानं लिहून घेऊन आली. त्यातलं मी काही वाचलेलं नाही, ते तुझ्यासाठी आहे. खाली तिने तिचा फोन नंबर दिलाय.

माझा कागद पुढीलप्रमाणे:

मी, नीळकंठ, वय सदुसष्ट, निवृत्त मत्स्य अधिकारी, राहणार गारगोटी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, दिनांक ९ जानेवारी २०२३ रोजी सकाळी अकराच्या सुमारास श्री. मनोहर माझ्या घरी आले. त्यांनी त्यांच्या मुलीच्या बाबतीत पुष्कर यांचं वागणं कसं होतं ते मला सविस्तर सांगितलं. ते काय बोलले ते सोबत वेगळं लिहिलं आहे. ही माहिती माझ्या पुतणीला द्यावी अशी त्यांनी मला विनंती केली. मी ती दिली नाही. वृंदाचा विवाह दिनांक ४ फेब्रुवारी २०२३ रोजी झाला. सांगायला माझ्याकडे सव्वीस दिवस होते आणि ती रोज माझ्यासमोर होती.